मुंगीचा एकच कप

८ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

काल फोनवर तू "कप, कप" म्हणत होतीस आणि मला "गप, गप" ऐकू येत होतं. सख्खी पुतणी काकाला चार वेळा गप म्हणते म्हटल्यावर मी फोन ठेवून दिला. मग तुझ्या काकूने कागदावर लिहून दाखवलं, की पोरगी कॉफीच्या कपाबद्दल विचारतेय. कानात बसवलेलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं, आणि मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं जाड. एका अक्षरावर बोट ठेवलं की तीन उमटतात. तेव्हा यापुढे आपलं बोलणं पत्राने. तुला कंटाळा येत असेल तर तो तुझ्यापाशी ठेव.

तुझा फॉर्म वाचला. विद्यापीठातली मुलं किती कॉफी पितात आणि त्यापायी त्यांच्या झोपेचं, छातीचं, पोटाचं काय होतं, हा तुझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. विषय उत्तम. पहिले सहा प्रश्नही ठीक. सातव्याला मात्र माझं डोकं फिरलं. "तुम्ही दिवसाला किती कप कॉफी घेता?" अगं, कप म्हणजे केवढा?

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत वजनमापं तपासली. दुधाची मापं, तेलाची मापं, पेट्रोलचे पंप. खोट्या बुडाचं लिटर मी नुसतं हातात घेऊन ओळखायचो. त्या एकतीस वर्षांत "कप" नावाचं माप माझ्यासमोर कुणी आणलं नाही, आणलं असतं तर जप्त केलं असतं. आज सकाळी आपल्याच फडताळातले चार कप काढून मोजपात्राने मोजले. एक नव्वद मिलिलिटरचा, एक एकशे चाळीसचा, एक दोनशे दहाचा, आणि तुझ्या आत्याने दिलेला तो फुलाफुलांचा, तीनशे साठचा. चौघेही स्वतःला कपच म्हणवतात. काकू म्हणाली, झालं का मोजून, आता धुवा.

फॉर्म छापला नसशील तर थांब. छापला असशील तर खोड. मिलिलिटर घाल, नाहीतर निदान भांड्याचं चित्र तरी काढ. ज्याला जे वाटेल ते माप धरून आलेले आकडे तू एकत्र कसे मिळवणार, ते मला कळत नाही.

आता आशीर्वाद.

काका


१५ जानेवारी

ती. काका,

नमस्कार करते, पण दातओठ खात.

फॉर्म छापून, वाटून, भरून परतही आले. दोनशे बारा. होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर, लायब्ररीच्या दाराशी, कॅन्टीनच्या रांगेत उभी राहून एकेकाच्या हातापाया पडून भरून घेतलेत. निम्मे लोक "नंतर देतो" म्हणून जे जायचे ते परत दिसायचे नाहीत. आणि तुम्ही म्हणता खोड! माझ्या गाइड मॅडमनी प्रत्येक प्रश्न तपासलाय. "कप सगळ्यांना कळतो," म्हणाल्या. मी कुणाला विचारलं असतं, की बाबा रे, तू किती मिलिलिटर पितोस, तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. मोजपात्र जवळ ठेवून कॉफी पिणारे जगात एकटे तुम्हीच.

आता भांडण बाजूला. तुम्हाला एक विचारायचंय.

माझ्या खोलीत राहते ती मुंगी. खरं नाव वेगळं आहे, पण एवढीशी आहे आणि सारखं पाठीवर काहीतरी वाहून नेत असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात मुंगी झाली. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेला महिनाभर तिचे हात थरथरतात. प्रयोगशाळेत बुरेटच्या लांब नळीतून एकेक थेंब सोडायचा असतो आणि एका थेंबाने रंग बदलतो. हिचा हात हलतो नि चार थेंब पडतात. तीन प्रयोग असेच वाया गेले. मधूनच छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं म्हणते. विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली, तर तिथे परीक्षेचं टेन्शन म्हणाले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

मला पहिला संशय कॉफीचाच आला. विषयच तो माझा. म्हणून तिचा फॉर्म काढून बघितला, क्रमांक एकशे त्रेचाळीस. किती कप? एक. आणि ते खोटं नसावं, कारण तिच्या टेबलावर एकच कप असतो. केव्हाही बघा, अर्धा भरलेला. संपवलेला मी तरी कधी पाहिला नाही.

काका, एका कपाने कुणाचे हात असे थरथरतात का? की दुसरंच काही असेल? मार्चमध्ये तिची मोठी प्रॅक्टिकल परीक्षा आहे. मला तिची खरंच काळजी वाटते.

भिंगरी


२१ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. "मुंगी" आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

एकतीस वर्षांत "साहेब, माझं वजन हलकं आहे" असं मला एकाही दुकानदाराने सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, "साहेब, आमच्या ओळखीचे एक आहेत, त्यांच्याकडे असं काही निघालं तर काय होतं हो?" मी शांतपणे ऐकून घ्यायचो आणि मग त्या ओळखीच्याच्या नव्हे, विचारणाऱ्याच्याच तराजूच्या पारड्याखाली हात घालायचो. वजन फुगवायला चिकटवलेला मेणाचा गोळा हाताला लागलाच म्हणून समज. तेव्हा "माझ्या खोलीत राहते ती" म्हणजे कोण, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मुंगी! निदान नाव तरी बरं शोधायचंस.

मी रागावणार नाही. तुझेच हात थरथरतात ना? तुझ्याच छातीत फडफडतं ना? दिवसभर लोकांचे फॉर्म भरत फिरायचं आणि जागं राहायला कॉफी ढोसायची, असं झालं असणार. तुझं अक्षरसुद्धा या वेळी मला हललेलं दिसलं. एकदम बंद करू नकोस, आधी निम्मी कर. पाणी पी. वेळेवर झोप.

तुझ्या आईला मी सगळं लिहिलंय. आईपासून असलं लपवायचं नसतं.

सातव्या प्रश्नाचं काय केलंस?

काका


३० जानेवारी

काका,

या वेळी नमस्कार नाही.

आईचा फोन आला. रडत होती. "तुला फिट येते का गं?" म्हणाली. थरथरणाऱ्या हातांवरून फिटपर्यंत ती तुमचं एक पत्र वाचून पोचली. आता रोज दोनदा व्हिडिओवर बोलावते आणि दोन्ही हात पसरून दाखवायला लावते. तेवीस वर्षांची बाई मी, फोनपुढे हात पसरून उभी राहते, आणि मुंगी पलीकडच्या खाटेवर तोंडात चादर कोंबून हसते. हो, तीच मुंगी, जी तुमच्या मते नाहीच.

मी कॉफी पीत नाही, काका. वासानेच मला मळमळतं. दहावीच्या सुट्टीत महिनाभर तुमच्याकडे राहिले, तेव्हा काकू मला रोज दूध देत होती, हे तुमच्या डोळ्यांसमोर होतं. अक्षर हललं, कारण पत्र बसमध्ये लिहिलं. तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर सोडून तुम्ही माझ्या पारड्याखाली हात घालत बसलात. मी तुमची पुतणी आहे, तुमचा दुकानदार नाही.

आणि सातव्या प्रश्नाचं मी काहीही केलेलं नाही. परवा निष्कर्ष मांडले. मॅडम खूश आहेत. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचाय, पण निष्कर्ष विद्यापीठाच्या आरोग्य समितीने आत्ताच उचलले. दिवसाला सरासरी एक पूर्णांक नऊ कप, म्हणजे काळजीचं कारणच नाही. समितीने त्याचा रंगीत फलक करून होस्टेलच्या जिन्यात, कॅन्टीनमध्ये आणि चक्क कॉफीच्या मशीनवर लावला. "आपले विद्यार्थी सुरक्षित मर्यादेत." खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. मुंगीने तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, "बघ, मी तर सरासरीच्याही खाली." किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

आता मला पत्र पाठवू नका. काम आहे.

नाइलाजाने तुमचीच,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

तू पाठवू नका म्हणालीस म्हणून दहा दिवस थांबलो. आता राहवत नाही. रागाने माणूस जे नाकारतो ते बहुतेक खरं असतं, असं मी काकूला म्हणालो. काकू म्हणाली, तुमचं डोकं तपासून घ्या. काय ते एका ओळीत कळव.

काका


१ मार्च

भिंगरे,

एक ओळसुद्धा नाही? बरं. माझ्याकडे भरपूर वेळ आहे. मी रोज पेटी उघडून बघतो.

काका


९ मार्च

ती. काका,

दोन्ही पत्रं मिळाली होती. पहिलं वाचून फेकलं, दुसरं फोडलंच नव्हतं. आज फोडलं.

चार तारखेला मुंगीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. अकरा वाजता मला तिच्या वर्गातल्या मुलीचा फोन आला. बुरेट धरून उभी होती, ती तशीच खाली कोसळली. काच फुटली, तळहाताला चार टाके पडले. मी पोचेपर्यंत तिला इस्पितळात नेलं होतं. छातीचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर. ओठ पांढरे, आणि एवढं होऊन मला बघितल्यावर पहिलं काय म्हणाली, तर "माझा शेवटचा थेंब राहिला."

डॉक्टरांनी विचारलं, "चहा-कॉफी किती घेते?" ती पुटपुटली, "एकच कप." आणि मी, काका, मी पुढे होऊन सांगितलं, "हो डॉक्टर, एकच. माझ्याकडे लेखी आहे. मी याच विषयावर काम करते." एवढं छातीठोकपणे सांगितलं, की त्यांनी तो रकाना तिथेच मिटवला.

मग सुरू झालं. हृदयाची तपासणी झाली, थायरॉइडची झाली. रक्त तीनदा काढलं. कुठेच काही सापडेना. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं असं दुखायला लागलं, की ती भिंतीवर कपाळ टेकून बसली. उलट्या झाल्या. आता डॉक्टरांना मेंदूची शंका आली आणि तिला त्या मोठ्या नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढले. तिची आई नऊ तासांचा प्रवास करून आली होती, ती बाहेरच्या बाकावर बसून माझा हात सोडेना. मीच तिला धीर देत होते. "कारण सापडेल हो मावशी," म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी खोलीवरून तिचे कपडे आणले. पिशवीत तिचा कपही टाकला, पाणी प्यायला बरा म्हणून. वॉर्डातल्या सिस्टरनी तो उचलला आणि मला विचारलं, "हा काय कप? आमच्यात याला बादली म्हणतात." मी हसले. मग त्यांनी मुंगीलाच विचारलं, "दिवसातून कितीदा भरतेस गं हा?"

मुंगी म्हणाली, "भरत नाही. सकाळी एकदा भरते. मग अर्धा झाला की त्यात भर घालते."

"किती वेळा भर घालतेस?"

"ते मोजलं नाही. सहा-सात. पण कप एकच. संपला तर दुसरा म्हणणार ना? माझा संपतच नाही."

काका, ती खोटं बोलली नव्हती. तिने माझा प्रश्न वाचला आणि खरं उत्तर लिहिलं. तो कप म्हणजे साडेपाचशे मिलिलिटरचा मग निघाला. दर वेळी दोन चमचे पूड, शिगोशीग. शिवाय दुपारी प्रयोगशाळेबाहेरच्या मशीनमधले ते थंड उत्तेजक पेयाचे दोन डबे. ते का लिहिले नाहीस, विचारलं, तर म्हणाली, "तो डबा आहे. कप कुठे?" डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. चारशे मिलिग्रॅम कॅफिन म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला पुरे. ही हजाराच्या घरात. इस्पितळात ते एका झटक्यात बंद झालं, म्हणून डोकं फुटत होतं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "तुम्ही याच विषयावर काम करता ना?"

आणि तुमच्यावरचाही राग सांगून टाकते. मी तिची सगळी लक्षणं तुम्हाला जानेवारीतच लिहिली होती. "तिचा कप केवढा" एवढं एक वाक्य तुम्ही परत लिहिलं असतं, तर मी उठून बघितलं असतं. सगळ्या जगाला तुम्ही ते विचारता. माझ्या एका पत्राला नाही विचारलंत.

मुंगी आता बरी आहे. काल सोडलं. माझ्याशी बोलत नाही.

भिंगरी


१३ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र काकूने मला मोठ्याने वाचून दाखवलं. कान धड असते तरी यातलं निम्मं ऐकवलं नसतं.

बरोबर आहे तुझं. कपाचा प्रश्न मी विचारणारच होतो. तुझं पत्र वाचताना तो पहिल्यांदा मनात आला होता, आणि मग मला वाटलं, ही पोरगी आपल्याला फसवतेय. एकदा ते वाटलं, की प्रश्न विचारण्यापेक्षा तुला पकडण्यातच मला गोडी वाटायला लागली. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, पण खोड गेली नाही. लोकांचं खोटं पकडून पकडून खरं समोर आलं तर ओळखू येईना. मला माझाच भयंकर राग आला आहे. काकूला म्हणालो, मी जेवत नाही. ती म्हणाली, जेवा, उपाशी राहून कुणाचं काय भलं होणार आहे.

आता पुढचं ऐक. खोट्या ठरलेल्या मापावरचा सरकारी शिक्का छिन्नीने ठोकून मोडायचा असतो, म्हणजे ते माप पुन्हा बाजारात चालत नाही. दुसऱ्यांनी मारलेले शिक्के मी शेकड्याने मोडले. मीच मारलेला मोडायची वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून मग छिन्नी उचलली. त्याची लाज अजून वाटते. तुझ्या नावाचा तो फलक अजून मशीनवर आहे का? असेल तर काढ, आणि सगळ्यांसमोर काढ. वर्ष लांबलं तर लांबू दे. हे सांगायला माझं काही जात नाही, जाणार तुझंच आहे, ते मला कळतं. तरी सांगतो.

सोबत एक चिठ्ठी आहे. ती मुंगीला दे. तू वाचू नकोस असं लिहिणार होतो, पण वाचशीलच.

काका


(सोबतची चिठ्ठी)

चि. मुंगी,

मी भिंगरीचा काका. तू आहेस हे मी सात आठवडे मानलंच नाही. पुतणीने तुझे हात थरथरतात म्हणून लिहिलं, तर मी तिलाच खोटी ठरवलं आणि तुझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी वेळेवर विचारलं असतं तर तुझी परीक्षा वाचली असती. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. तळहाताचे टाके निघाले का?

काका


२६ मार्च

ती. काका,

नमस्कार, आणि तुमच्या छिन्नीलाही.

मॅडमकडे गेले. मुंगीचं सगळं सांगितलं. मॅडम वाईट नाहीत, पण म्हणाल्या, "दोनशे बारातली एक मुलगी म्हणजे अपवाद. शेवटी अभ्यासाच्या मर्यादा लिहितेस ना, तिथे एक वाक्य घाल आणि मोकळी हो." मला एक दिवस मोह पडला. नोकरीची मुलाखत जूनमध्ये आहे, डिग्री हातात पाहिजे. ते वाक्य मी लिहूनसुद्धा पाहिलं. चांगलं जमलं होतं.

मग प्रयोगशाळेतून मोजपात्र मागून आणलं आणि आमच्याच मजल्यावर दारं ठोठावली. "तुझा कप दाखव." एकतीस भांडी मोजली. सगळ्यात लहान एकशे वीस, सगळ्यात मोठं सातशे. तिघी जॅमच्या बरणीतून पितात आणि तिला कप म्हणतात. एकीने फॉर्मवर "दोन" लिहिलं होतं, कारण तिच्याकडे कप दोन आहेत. भर घालणाऱ्या मुंगीशिवाय आठ निघाल्या. काका, आठ! त्यांतल्या दोघींचे हात मी मोजपात्र पुढे केलं तेव्हा हलत होते, आणि जिन्यात माझाच फलक त्यांना काळजी करू नका म्हणून सांगत होता.

तो कागद मॅडमपुढे ठेवला. तो वाचून म्हणाल्या, "हा प्रश्न मीही वाचला होता." प्रबंध थांबवला. आता ऑक्टोबरमध्ये. मुलाखत गेली.

फलकाची तर तऱ्हाच. आरोग्य समितीच्या कार्यालयात गेले, तर म्हणाले, काढायला समितीचा ठराव लागेल आणि बैठक मे महिन्यात आहे. लावायला एक दुपार पुरली होती! मी जिन्यातला आणि मशीनवरचा फलक काढला, मग भर जेवणाच्या वेळी कॅन्टीनमध्ये खुर्चीवर चढून तिथलाही स्वतःच्या हाताने काढला. "यातला आकडा चुकलाय, तो माझा आहे," असं ओरडून सांगितलं. निम्म्यांना वाटलं मी काहीतरी विकतेय. विद्यापीठाची मालमत्ता हलवली म्हणून मला लेखी समज मिळाली आहे. ती फ्रेम करून तुम्हाला पाठवते.

मुंगी खोलीवर आली आहे. कॉफी थोडी थोडी करून कमी केली, हात पुष्कळ स्थिर आहेत. पण परीक्षा बुडाली ती बुडालीच, पुढच्या सत्रात पुन्हा. मी बोलायला गेले की भिंतीकडे तोंड करते. माझी चूक मी कबूल केली, आता आणखी काय करू? मला रडायलाही येतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटतं. तुमची चिठ्ठी दिली. तिने ती दोनदा वाचली आणि वहीत ठेवली.

भिंगरी


१० एप्रिल

काका,

तुम्हाला काका म्हणावं का, हे ठरत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

मी आहे. वजन बेचाळीस किलो, हवं तर तपासून घ्या. टाके निघाले. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही.

तुम्ही माफी मागितलीत. भिंगरी तर उठता बसता मागते. मला पाणी आणून देते आणि प्यायले की ग्लासाकडे बघते, किती गेलं म्हणून. मला तुमच्या दोघांच्या माफीचा वैताग आलाय. डॉक्टर, सिस्टर, आई, भिंगरी, सगळे त्या मगाभोवती जमतात. आईने तर तो घरी नेला, पुरावा असल्यासारखा.

भिंगरीच्या फॉर्ममध्ये छत्तीस प्रश्न होते. किती पितेस, केव्हा पितेस, झोप किती. कशाला पितेस, हे कुणी विचारलं नाही. आईनेही नाही. "वाईट सवय" म्हणाली आणि संपलं. म्हणून तुम्हाला सांगते. ज्या माणसाने मी नाहीच असं म्हटलं, त्याच्यापुढे लाज कसली?

मला वर्गात शिकवलेलं कळत नाही. शाळेत मी पहिली यायचे. इथे सर एकदा भराभर सांगतात, सगळे माना डोलावतात, मीही डोलावते. दोन वर्षं नुसती मान डोलावतेय. मग तेच खोलीवर येऊन चार चार वेळा वाचायचं, तेव्हा कुठे थोडं डोक्यात शिरतं. चार वेळा वाचायला दिवस पुरत नाही. म्हणून कॉफी. कॉफीने काही समजत नव्हतं, काका. फक्त न समजण्याला जास्त तास मिळत होते. भिंगरीला हे सांगितलं नाही, कारण तिला सगळं एका वाचनात कळतं आणि ती लगेच मला शिकवायला बसली असती. मला ती दयाबुद्धी नको होती. म्हणून भिंतीकडे तोंड. तिच्यावर राग नाही, हे तुम्हीच तिला कळवा. मला तोंडाने सांगता येत नाही. खोलीत दोन खाटा आणि मधे तीन फूट जागा, तरी पत्र तुमच्याकडून फिरून यावं लागतंय.

आता कॉफी दोन छोटे कप, भिंगरीने मोजून दिलेले. त्यामुळे चार वेळा वाचणं बंद झालं. मग दुसरं काहीतरी करणं भाग होतं.

सोमवारी सरांच्या तासाला मी उभी राहिले. म्हणाले, "सर, मला हे समजलं नाही." साठ जणांनी माना वळवल्या. सरांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा भराभर. "समजलं?" मी म्हणाले, "नाही." मागे कुणीतरी हसलं. सरांनी फळा पुसून पहिल्यापासून सांगितलं, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "आता तरी?"

मी म्हणाले, "नाही सर."

ते वैतागले. मी तर दोन वर्षांची वैतागलेली होते. मी बसले नाही.

मुंगी